यार्डातली सोळा मिनिटं

त्यांच्या मनगटावर एक घड्याळ असायचं आणि गळ्यात पोती शिवायच्या सुतळीत ओवलेलं स्टॉपवॉच. दोन कशाला, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "मनगटावरचं किती वाजले ते सांगतं. गळ्यातलं वेळ कुठं गेला ते सांगतं."

लातूरच्या एमआयडीसीतल्या आमच्या डाळमिलमध्ये ते उत्पादन व्यवस्थापक म्हणून आले, तेव्हा मी तिथे हिशेब बघत होतो. अजूनही बघतो. साडेतीन वर्षं आम्ही एकाच खोलीत समोरासमोर बसलो. माणूस नांदेडचा. सोमवारी सकाळच्या बसने यायचे, शनिवारी संध्याकाळच्या बसने परत जायचे. मधले दिवस मिलच्या मागच्या खोलीत राहायचे. त्या खोलीत एक खाट, एक स्टोव्ह आणि भिंतीला टेकवलेली प्लायवुडची एक फळी. फळीवर त्यांनी मिलचा नकाशा काढला होता आणि माणसं जिथे जिथे थांबतात तिथे खिळे ठोकले होते. एखादा हमाल दिवसभरात जसा फिरला तसा ते त्या खिळ्यांना दोरा गुंडाळायचे, आणि संध्याकाळी दोरा सोडून फूटपट्टीने मोजायचे. पोती शिवणारा लक्ष्मण रोज साडेचार किलोमीटर चालतो, हे लक्ष्मणला त्यांनीच सांगितलं. त्याचं मशीन चाळीस फूट सरकवल्यावर तो दीड किलोमीटर चालायला लागला. "साहेब, पोट सुटंल आता माझं," एवढीच त्याची तक्रार होती.

गेटासमोर रशीदभाईंची चहाची टपरी आहे. पहिल्याच आठवड्यात हे तिथे अर्धा तास उभे राहिले आणि म्हणाले, "साखरेचा डबा डावीकडे ठेवा. दर कपाला दोन पावलं जास्त टाकता. तीनशे कपांची सहाशे पावलं."

रशीदभाई म्हणाले, "साहेब, माझ्या अब्बांनी डबा उजव्या अंगाला ठेवला, मी बी तिथंच ठेवून राहिलो. तुमी चहा प्या अन् जावा."

चौथ्या दिवशी डबा डावीकडे होता. रशीदभाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "कंबर दुखायची कमी झाली. पर त्यांना बोलू नका, न्हाईतर उद्या चुलाच हलवतील."

मोजल्याशिवाय बोललेलं त्यांना चालायचं नाही. "अंदाजे पन्नास पोती असतील," असं कुणी म्हटलं की ते उठून मोजायला जायचे. रिकाम्या हाताने फिरणारा माणूस दिसला की अस्वस्थ व्हायचे; जाताना काही नेलंस तर येताना काही आण, असं त्यांचं म्हणणं. पुतण्याच्या प्रवेशाच्या कामासाठी मी नांदेडला गेलो होतो, तेव्हा त्यांच्या घरी जेवलो. वहिनी वाढता वाढता म्हणाल्या, "भाऊ, या घरात मोकळ्या हातानं कुणाला उठता येत न्हाई. पाणी प्यायला उठलं तर ताट उचला, ताट ठेवून येताना मीठ आणा. माझ्या भाकरीला बी घड्याळ लावलं ह्यांनी."

"चौदा मिनिटं वाचतात रोज," साहेब म्हणाले.

"अन् त्या चौदा मिन्टांत मी काय करते ते इचारा, भाऊ."

"काय करता?"

"ह्यांचं ऐकते."

जेवण झाल्यावर त्यांनी मला गच्चीवरून दूरची एक मोकळी जागा दाखवली. तिथे पूर्वी कापडगिरणी होती, तीत ते अकरा वर्षं होते. ती बंद पडली तेव्हा त्यांच्या वस्तीतली तीस-पस्तीस घरं एका महिन्यात बसली. लोक मालकाला दोष द्यायचे, कुणी युनियनला, कुणी सरकारला. त्यांचं म्हणणं वेगळं होतं. "कुठलं सूत कुठं वाया जातंय हे एकानंही मोजलं नाही. बाहेरचं कापड स्वस्त पडायला लागलं तेव्हा आपलं महाग कशामुळं पडतंय, हे सांगणारा माणूस गिरणीत नव्हता. मोजलं असतं तर वाचली असती." हे ते इतक्या ठामपणे म्हणायचे की मी कधी वाद घातला नाही. मोजल्याने काम वाचतं, यावर त्या माणसाचा विश्वास होता, आणि ते जे काही विचित्र वागत ते त्या विश्वासापोटी.

आता यार्डाबद्दल. तूर साफ करून तिला तेलाचा हात लावतात आणि मग दोन-तीन दिवस उन्हात वाळवतात. वाळली की टरफल सुटतं आणि डाळ नीट फुटते. आमच्याकडे हे वाळवणं सिमेंटच्या मोठ्या पटांगणात व्हायचं. त्यालाच यार्ड म्हणत. यार्डावर पट्टे आखलेले. एका पट्ट्यातल्या तुरीत पाय ओढत या टोकापासून त्या टोकाला जायचं आणि परत यायचं, म्हणजे खालची तूर वर येते. याला फेरा म्हणायचे. हे काम चोवीस बायका करायच्या. सिमेंट तापतं म्हणून नवऱ्याचे जुने मोजे घालून.

त्यांची मुकादम गयाबाई, जळकोटकडची. बहुतेक बायका बौद्ध वस्तीतल्या. साहेब पहिल्यांदा यार्डात गेले तेव्हा गयाबाई "नमस्कार साहेब" म्हणाली. हे "जय भीम" म्हणाले. ती थांबली, त्यांच्याकडे नीट बघितलं आणि मग म्हणाली, "जय भीम." खुर्चीवर बसणाऱ्या माणसाच्या तोंडून त्या मिलमध्ये तो शब्द मीही पहिल्यांदाच ऐकला. पुढे त्यांनी पाण्याची टाकी यार्डाच्या कडेला आणली, सावलीसाठी शेड घालून घेतली. कुणाची हजेरी, म्हणजे रोजची मजुरी, कमी न करता. बायका त्यांच्याविषयी आपसात बोलायच्या तेव्हा 'साहेब' म्हणायच्या नाहीत, 'आपला साहेब' म्हणायच्या.

ते आल्याच्या तिसऱ्या वर्षी फेब्रुवारीत मालक आमच्या खोलीत येऊन बसले. आमची निम्मी डाळ आखाती देशातल्या एका खरेदीदाराकडे जायची. "तो भाव पाडून मागतोय," मालक म्हणाले. "त्याला आफ्रिकेची तूर यंत्रावर वाळवून, फोडून, पाकिटात भरून मिळते. आपण अजून बायकांच्या पायांनी वाळवतोय. मला चार दिवसांत भाव कळवायचाय. यार्डाला खरोखर किती माणसं लागतात ते सांगा."

साहेबांनी दुपारच्या सुट्टीत बायकांना सांगितलं, "मी तीन दिवस मोजणार आहे. रोजच्यासारखं काम करा. जास्त नाही, कमी नाही."

"हाव साहेब," गयाबाई म्हणाली, "रोजच्यावानीच. कुणाची हजेरी तुटायची न्हाई ना पर?"

"माझ्या मोजण्यानं आजवर तुटली का?"

"न्हाई."

"मग झालं तर."

तीन दिवस ते सकाळी नऊपासून यार्डाच्या कडेला उभे होते. तासाला नव्वद फेरे व्हावे लागत. ते चाळीस मिनिटांत होत आणि उरलेला वेळ बायका शेडखाली बसलेल्या दिसत. याचा अर्थ साहेबांनी असा लावला की दर तासाला वीस मिनिटं वाया जाताहेत. कागद बघून मीही तोच अर्थ लावला. एका फेऱ्याची सरासरी अकरा मिनिटं आली.

"यातलं एक कमी करायचं," ते मला म्हणाले. "घड्याळ दिसलं की माणूस थोडं राखून काम करतो. गिरणीत मी समोर उभा राहिलो की हात आखडायचे. कामाची वेळ मोजायच्या पुस्तकातही हेच आहे. दहा धरा."

बायका राखून काम करताहेत हे त्यांनी मोजलेलं नव्हतं. साडेतीन वर्षांत मी त्यांना करताना पाहिलेला तो एकमेव अंदाज. माझ्या ते लक्षात आलं होतं. तरी मी दहा लिहून घेतले.

दिवसाचे फेरे सातशेवीस. फेरा दहा मिनिटांचा धरला तर एका बाईचे आठ तासांत अठ्ठेचाळीस होतात. म्हणजे पंधरा बायका. साहेबांनी खाली लिहिलं की उरलेल्या नऊजणींना निवडणीच्या कामावर घ्यावं. मालक "बघू" म्हणाले, पंधरा बायका धरून भाव कळवला, आणि निवडणीचं यंत्र आधीच मागवलेलं असल्याचं आम्हाला नंतर कळलं. सोमवारी गयाबाईने सर्वांत शेवटी लागलेल्या नऊ बायकांची नावं घेतली. त्या निघून गेल्या. साहेब मालकांकडे दोनदा जाऊन आले. दुसऱ्यांदा आत त्यांचा आवाज चढलेला मला बाहेर ऐकू आला. त्यांचा आवाज चढलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. उपयोग झाला नाही.

उरलेल्या पंधराजणी सातशेवीस फेरे करत राहिल्या. शेड रिकामी असायची. आकडा जुळत होता.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी दोनच्या सुमाराला इंदूबाई पट्ट्याच्या मधोमध खाली बसली आणि आडवी झाली. पन्नाशीची बाई, अंगाने किरकोळ. आम्ही तिला टाकीजवळ आणलं, अंगावर पाणी ओतलं, मालकांच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. तिसऱ्या दिवशी ती गेली. ऊन लागलं, असं डॉक्टर म्हणाले.

साहेब आणि मी तिच्या घरी भेटायला गेलो. पत्र्याच्या दोन खोल्या, बाहेर मंडपाचं कापड. गयाबाई आणि चार-पाचजणी तिथेच होत्या. गयाबाई म्हणाली, "साहेब, एक सांगू का? राग मानू नका."

"सांगा."

"ते तीन दिस आमी रोजच्यावानी केलं न्हाई."

"माहीत आहे," साहेब म्हणाले. "राखून केलं असेल. ते मी धरलंय."

"राखून?" गयाबाई त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिली. "पळालो आमी, साहेब. इंदूच म्हणली, आपला माणूस घड्याळ घिऊन उभा राहिलाय, मालक वरून खिडकीतून बघून राहिलाय, आपल्या माणसाचं नाक खाली जायला नको. तासभराचं काम पळून उरकायचं अन् शेडीत येऊन दम खायचा. रातच्याला समद्यांनी पाय शेकले. सकाळी परत पळालो."

साहेब म्हणाले, "तुम्ही मला सांगायला हवं होतं."

"काय सांगायचं? तुमच्यासाठी पळालो म्हणून? ते काय सांगत असतेत का?"

परत येताना रिक्षात ते एवढंच म्हणाले, "मी अकराचे बारा करायला हवे होते, तेरा, चौदा. मी दहा केले."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, जुने मोजे घातले, स्टॉपवॉच माझ्या हातात दिलं आणि इंदूबाईच्या पट्ट्यात उतरले. रशीदभाई कंपाउंडवरून ओरडले, "साहेब, हजेरी किती मिळंल?" बायका हसल्या. दहा वाजेपर्यंतच हसल्या. पहिला फेरा बारा मिनिटांचा झाला. दुपारी दोनचा एकोणीस मिनिटांचा. चारला ते भिंतीशी जाऊन ओकले आणि परत आले. गयाबाई म्हणाली, "बास करा आता." त्यांनी ऐकलं नाही. साडेपाचला मी सरासरी काढली, सोळा आली. त्यांना ती पुरली नाही. "माझ्या शरीरावरून काढलेला आकडा चालणार नाही." मग त्यांनी आठवडाभर पाच बायकांचे फेरे घेतले. रोज सकाळी त्यांना हात जोडून सांगायचे, "पळायचं नाही. माझी शपथ आहे." पुन्हा सोळाच आली. सोळा मिनिटांनी चोवीस बायका लागतात. म्हणजे आधी होत्या तेवढ्याच.

तो कागद घेऊन ते मालकांकडे निघाले होते. मी त्यांना थांबवलं. कारण वाळवण्याच्या यंत्राचं कोटेशन माझ्या कपाटात होतं आणि मी ते मांडून पाहिलं होतं. पंधरा बायका आणि यंत्र यांत बायका स्वस्त पडत होत्या. चोवीस बायका आणि यंत्र यांत यंत्र स्वस्त. एकोणिसाव्या बाईपासून यंत्र परवडू लागत होतं. यंत्राला तीन माणसं लागतात.

"सोळा लिहिलंत तर सगळ्याच जातील," मी म्हणालो. "बारा लिहा. अठरा बायका होतात. चार परत येतील, आत्ताच्या चौदाजणींचा भार हलका होईल, मालक यंत्राचं नाव काढणार नाहीत."

"बारा कुणी मोजले?"

"कुणी नाही."

"बारानं अजून एक बाई पडली तर?"

ते उठले. "त्यांनाच विचारू."

दुपारच्या सुट्टीत त्यांनी बायकांना सगळं सांगितलं, काही न लपवता. सोळा म्हणजे काय, बारा म्हणजे काय. मी शेजारी उभा होतो.

गयाबाई म्हणाली, "बारा लिवलं तर अठरा ऱ्हातेत?"

"हो."

"अन् सोळाला?"

"कुणीच नाही."

"मग इचारून काय राहिले? बारा लिवा."

मागून एकजण म्हणाली, "बारात व्हईल का गं, गया? मे महिना हाय."

"व्हतंय. पाणी दोनदा पितो ते एकदा प्यायचं."

"तेच तर," साहेब म्हणाले. "पुन्हा इंदूबाईसारखं झालं तर?"

"अन् घरी बसून काय व्हईल, साहेब? ते बी मोजा की." ती चिडून बोलली नाही. भाकरीचा तुकडा हातात तसाच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला हाताने लिहिलेला कागद टाइप करायला दिला. त्यावर सोळा होतं.

"त्या बारा म्हणाल्या होत्या," मी म्हणालो.

"ऐकलं मी. त्या पुन्हा पळायला तयार आहेत. एकदा पळाल्या तेवढं पुरे." मग थोड्या वेळाने, "आणि मी मोजलेलं नाही ते माझ्या सहीनं जाणार नाही. एकदा गेलंय."

सोळाच्या जागी बारा करायला एकच बटण लागलं असतं. साहेब खाली डाळ फोडायच्या विभागाकडे गेले होते, खोलीत मी एकटा होतो. मालक आकडा माझ्याच कागदावरून वाचणार होते. मी सोळा टाइप केलं. माझी मुलगी त्या वर्षी बारावीला होती आणि नोकरी मला हवी होती, असं मी नंतर स्वतःला सांगत आलो. पण ते खरं कारण नाही. मला खोटा आकडा लिहिता येत नाही, एवढंच. घरी मीटरचं रीडिंगसुद्धा मी दोनदा तपासतो.

मालकांनी कागद वाचला आणि साहेबांचे आभार मानले. "हे आधी कळलं असतं तर यंत्र गेल्याच वर्षी घेतलं असतं," म्हणाले. मे महिन्यात यार्ड तसंच चाललं, फक्त दुपारी बारा ते चार बंद, हे साहेबांनी भांडून मिळवलं. पावसाळा संपल्यावर यंत्र बसलं. त्याच्या पुढच्या वर्षी आखातातल्या खरेदीदाराने आणखी स्वस्त माल शोधला आणि आमच्याकडून घेणं बंद केलं. आता यार्डात ट्रक उभे राहतात.

यंत्र सुरू झालं त्या दिवशी बायकांचा शेवटचा पगार मी केला. तोवर साहेबांनी राजीनामा दिलेला होता, फक्त त्या दिवसासाठी थांबले होते. ते गेटाशी उभे राहिले. चौदाजणी पगार घेऊन एकेक करत बाहेर आल्या. कुणी त्यांना टाळलं नाही, कुणी थांबलंही नाही. गयाबाई सर्वांत मागे होती.

"जय भीम, साहेब."

"जय भीम." मग ते म्हणाले, "चुकलं माझं, गयाबाई."

"तुमी खोटं लिवलं न्हाई, ते बराबरच हाय. तुमच्यासारख्यानं लिवू बी नये." तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "पर मग आमाला इचारलं कामून?"

ती उत्तरासाठी थांबली होती. खरंच थांबली होती. मीही त्यांच्या शेजारीच उभा होतो. मग ती बाकीच्यांच्या मागे निघाली.

बायका शेजारच्या डाळमिलच्या गेटाशी गेल्या. तिथल्या वॉचमनने बसल्या जागेवरून हात हलवला. त्या पुढच्या गेटाशी गेल्या. तिथे गयाबाई आत गेली आणि लगेच बाहेर आली. तिसऱ्या गेटाशी त्या उभ्या राहिल्या, कुणी बाहेर आलं नाही. आम्ही दोघं बघत होतो. चौथ्या गेटाच्या पुढे रस्ता वळतो. तिथून पुढचं आम्हाला दिसलं नाही.